अंगणवाडी आपल्याच जिल्ह्यातली

भगिनींनो, आपल्या भातसानगरात काय किंवा शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काय, अंगणवाडी म्हटली की खिचडीचे पातेले आणि वजनाचा काटा एवढेच बहुतेकींच्या डोळ्यांपुढे येते. शिक्षण हवे असेल तर पैसे भरून मूल इंग्रजी नर्सरीत घालावे, अशी समजूत होऊन बसली आहे. परंतु अंगणवाडीचा जन्म शिक्षणासाठीच झाला, आणि तोही आपल्या ठाणे जिल्ह्यात, हे किती जणींना ठाऊक आहे?

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले. मादाम माँटेसरींची पद्धत चांगली खरी, पण तिची साधने महाग. गरिबाच्या मुलाला ती कोठून मिळणार? म्हणून १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, पण जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

शंखशिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच त्यांची साधने. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर नेली आणि अंगणात भरविली. तीच अंगणवाडी! आधी मुलांचे हातपाय धुवायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. बोर्डी-कोसबाडचा हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षणही त्या योजनेत आहेच. उपाशी मूल शिकणार नाही, म्हणून आहार हवाच. पण पातेले, नोंदवह्या आणि आता मोबाईलवर भरावयाची माहिती यांत सेविकेची सकाळ सरली, तर गाण्यागोष्टींना वेळ कोठून उरावा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षणाचा पाया धरला आहे. तेव्हा चार वर्षांच्या पोराला वहीत ए-बी-सी गिरवता येते की नाही, यावरून वाडीची परीक्षा करू नये. मूल धीटपणे बोलते का, गोष्ट ऐकून पुन्हा सांगते का, दुसऱ्याला खेळणे देते का, हे पाहावे.

ऐपतवाल्या आयांनी अंगणवाडीकडे पाठ फिरविली, तर मागे राहतात ती मजुरीस जाणाऱ्या बायांची मुले. त्यांच्या वतीने विचारणारे कोणी उरत नाही. आपल्या मंडळातील दोघी-दोघींनी महिन्यातून एकदा तेथे तासभर बसावे, गोष्ट सांगावी, चिंचोके-शिंपले न्यावेत, सेविकेची अडचण ऐकून ग्रामसभेत मांडावी. ताराबाई-अनुताईंचे स्मरण याहून निराळे ते काय करावयाचे?