वहीतल्या बाईचं नाव



पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० साली ते स्थापन केलं. गावोगाव हिंडून, जुन्या घरांतले कागद मिळवून जपणारा माणूस! तिथले जुने मराठी कागद बहुतेक मोडीत. ते वाचायला म्हणून मी साठीनंतर मोडी शिकले, आणि खरं सांगायचं तर माळ्यावरच्या आमच्या दोन वह्यांसाठी शिकले.

मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही तोडत नाहीत. वर्षाची तर गंमतच. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, झाले ११६१. वर्ष मृगापासून सुरू होतं. डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ६००. आलं १७६०-६१, पानिपताचं वर्ष. आकडेमोड म्हटली की मला बी.कॉम.चे दिवस आठवतात.

आमच्या गावचे म्हणून दोन रुमाल पाहिले. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन सगळे भेटले. बाई एकही नाही. घरच्या वंशावळीतही तेच, सात पिढ्या नुसते पुरुष.

मग घरची वही उघडली. जमा डावीकडे, नावे उजवीकडे. हे वळण एकदा कळलं की वही बोलते. शके १८२४ला, म्हणजे १९०२ साली, आजेसासऱ्यांच्या वडिलांचं खातं मधेच थांबतं. प्लेगाचे दिवस होते ते. घरात आम्ही ऐकत आलो की पुढे दुकान धाकट्या दिरांनी सांभाळलं. वहीत मात्र पुढची अकरा वर्षं खातं त्यांच्या पत्नीच्या नावावर आहे. गूळ, हळद, सुतळी, हमाली, सगळा व्यवहार तिचा. दिरांच्या नावावर आहे ती उचल!

आणि त्यातच एक खर्च: ‘शास्त्र लिहून घेतले’. आपल्याकडे शास्त्रदान बायकांनी किती केलंय! दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून घेतल्या, असं सांगतात. हस्तलिखितांच्या शेवटच्या पानावरच्या प्रशस्तीत दान देणाऱ्या श्राविकेचं नाव सापडतं. मूर्तीच्या पीठावरच्या लेखात ‘तस्य भार्या’ म्हणून नाव येतं. सरकारी कागदांत नसलेल्या बायका देवळात आहेत. तिथे आपण दर्शन घेतो, पण पीठ वाचतो का?

तिचं नाव इथे देत नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, घरातल्या बाईचं नाव चारचौघांत कशाला? (इतकी वर्षं घरात तरी कुठे होतं!) दिरांच्या वंशजांनाही वहीचं पान रुचलेलं नाही. मी ते फोटो काढून सगळ्यांना पाठवलंय, मोडी आणि खाली बाळबोध.

तिचं माहेर कोणालाच ठाऊक नाही. पण दर कार्तिकात तिच्या खात्यावर ‘भाऊबीजेचे’ म्हणून पाच रुपये जमा आहेत आणि पुढे एका गावाचं नाव. तिथे आपलं जुनं मंदिर आहे. पर्युषण झालं की जाणार आहे, पीठावरचे लेख उतरवायला.