माउली आणि गुरू : मोगूबाई कुर्डीकर



विहारात पोरी पेटीवर बसल्या की अजून कुणीतरी म्हणतंच, "मुलींना गाणं-बजावणं कशाला?" त्यांच्यासाठी हा इतिहास.

मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. जन्म कलावंत समाजातला. या समाजातल्या बायांच्या गळ्याचं कौतुक व्हायचं, पण माणूस म्हणून मान नव्हता. आई लहानपणीच वारली. नाटक कंपनीत वाढलेल्या या पोरीला उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांनी तालीम दिली.

पती अकाली गेले, पदरात तीन लेकरं. बैठकी आणि शिकवण्या करून माउलीनं घर चालवलं. कार्यक्रमाला थर्ड क्लासनं जायचं, मिळेल तिथं उतरायचं. मागे तंबोऱ्यावर बसलेली लेक हे सारं बघत होती. लेकीलाही सूट नव्हती. चीज दोनदाच गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. तीच लेक पुढे गानसरस्वती किशोरी आमोणकर झाली आणि कलावंताच्या मानासाठी जन्मभर ताठ राहिली.

१९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळालं. २००१ साली, ९६ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

१९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी, जोगतिणी भगिनींना अपमानाचं जिणं सोडायला सांगितलं. मोगूबाई आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. पण त्यांनी अपमान टाकला आणि विद्या ठेवली, हे आपण शिकण्यासारखं आहे. तेव्हा पोरीच्या हातची पेटी काढून घेऊ नका, तिला शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!