घराला ‘नॅचरल लूक’ द्यायचाय? प्लास्टिकची पानं चिकटवण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर एक रील येतं. पांढरी भिंत, लाकडी बाक, कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड, वेताचा दिवा आणि खिडकीतून येणारं ऊन. रील सेव्ह होतं, सुताराला फॉरवर्डही होतं. चार महिन्यांनी घरात जे तयार होतं ते मात्र वेगळंच असतं: लाकडाच्या रंगाचा सनमायका, दगडाच्या डिझाइनचा वॉलपेपर आणि हॉलच्या भिंतीवर प्लास्टिकचं गवत. पैसे लाखांत गेलेले असतात आणि घरात शिरलं की डोळे चुरचुरतात.

मग आजच्या काळातलं, सुटसुटीत, तरीही निसर्गाजवळचं वाटणारं घर नेमकं कसं करायचं? आणि ते वन बीएचकेमध्ये शक्य आहे का?

ही कल्पना आली कुठून?

माणसाला निसर्गाची उपजत ओढ असते, हा विचार अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी 1984 सालच्या ‘बायोफिलिया’ या पुस्तकातून लोकप्रिय केला. म्हणून इंटिरियरच्या जगात या शैलीला ‘बायोफिलिक डिझाइन’ म्हणतात.

त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना समोर विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्या रुग्णांना तुलनेने लवकर घरी सोडलं गेलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण खिडकीतून काय दिसतं याने फरक पडू शकतो, हे त्यातून पुढे आलं.

थोडक्यात, निसर्गाचा फील म्हणजे फक्त हिरवा रंग नव्हे. उजेड, हवा, साहित्य आणि झाडं या चार गोष्टी त्यात येतात. त्यातल्या पहिल्या दोन तर जवळपास फुकट आहेत.

आधी उजेड आणि हवा

अनेक फ्लॅटमध्ये खिडकीला लागून कपाट उभं असतं आणि ग्रिलमध्ये जुने डबे साठलेले असतात. पहिलं काम ते हलवण्याचं. जाड पडद्यांऐवजी पातळ सुती पडदे लावले तर खासगीपणा राहतो आणि ऊनही गाळून येतं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन भाजत असेल, तर वाळ्याचा किंवा बांबूचा गुंडाळता येणारा पडदा उपयोगी पडतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार रोज थोडा वेळ उघडं ठेवलं की हवा खेळती राहते.

संध्याकाळच्या उजेडाचाही विचार हवा. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा लिहिलेला असतो. 6500 केल्विन म्हणजे पांढराशुभ्र, ऑफिससारखा प्रकाश. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. हॉल आणि बेडरूमसाठी हा दुसरा प्रकार घेतला तर तीच भिंत आणि तेच लाकूड ऊबदार दिसतं. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर मात्र भरपूर प्रकाशच हवा.

फरशी आणि भिंती

आजीच्या घरातली शहाबादी आठवते? उन्हाळ्यात तिच्यावर नुसतं आडवं झालं तरी बरं वाटायचं. कर्नाटकातली शहाबादी, आंध्रातला कडप्पा आणि राजस्थानातला कोटा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. पॉलिश केलेला कोटा आजच्या घरातही छान दिसतो. फक्त एक लक्षात ठेवायचं: या दगडांना आम्ल चालत नाही. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू सांडून राहिलं किंवा फरशी अ‍ॅसिडने धुतली, तर चमक जाते आणि डाग पडतात. दगड सील करून घ्यायचा आणि साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचा.

भिंतींसाठी चुन्याचा गिलावा पुन्हा चर्चेत आहे. चुना ओलावा आत कोंडून ठेवत नाही आणि त्याचा पोत हाताने सारवल्यासारखा दिसतो. पण तो येणारा कारागीर मिळायला हवा. नाहीतर ऑफ-व्हाइट, मातकट किंवा गेरूच्या जवळचा मॅट रंगही पुरतो. रंग घेताना डब्यावर ‘लो व्हीओसी’ लिहिलंय का ते बघा. व्हीओसी म्हणजे रंग वाळताना आणि नंतरही हवेत मिसळणारी रसायनं.

भिंतीला ओल असेल, तर आधी गळती शोधा. वरून कितीही महाग रंग लावला, तरी पहिल्या पावसाळ्यातच पोपडे निघतात.

लाकूड की लाकडाचा भास?

सगळ्यात जास्त खर्च आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सनमायका म्हणजे लाकूड नव्हे. छापील कागद आणि रेझिन यांचे थर दाबून तो बनतो. त्याच्या आत असतं प्लायवूड, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड. यांतल्या अनेक बोर्डांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. नव्या फर्निचरचा तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर यामागे बऱ्याचदा तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात टाकलं.

याचा अर्थ प्लायवूड घेऊच नये असा नाही. खरेदीआधी इतकं करा:

- बोर्डची ‘ई 1’ किंवा ‘ई 0’ श्रेणी विचारा. आकडा जितका लहान, तितका वायू कमी.
- ओट्याखाली, सिंकजवळ ‘आयएस 710’ म्हणजे मरीन प्लाय वापरा.
- कपाटाच्या उघड्या कडा आणि आतल्या बाजू नीट बंद करून घ्या.
- काम संपल्यावर लगेच राहायला जाऊ नका. काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

खरं सागवान परवडत नसेल, तर जुनं बघा. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या सागवानी वस्तू मिळतात. अख्खं घर लाकडी करण्यापेक्षा एक जुनी बैठक किंवा एक पाट-टेबल पॉलिश करून ठेवलं, तर नजर तिथेच जाते.

बांबूचा पर्यायही आहे. सिंधुदुर्गातला माणगा बांबू फर्निचरसाठी वापरला जातो. मात्र बांबूत स्टार्च असतो आणि त्याला घूण लागते. म्हणून बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया केलेलाच बांबू घ्या.

झाडं हवा शुद्ध करतात का?

‘नासाने सांगितलंय’ म्हणत फिरणारी पोस्ट सगळ्यांनीच पाहिली असेल. नासाचा तो अभ्यास 1989 चा, आणि तो बंद पेटीत केलेला होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला. साध्या वायुविजनाइतका परिणाम हवा असेल, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं त्यातून दिसलं. म्हणजे हवेसाठी खिडकीच बरी.

झाडं लावायची ती मनासाठी. कमी उजेडात स्नेक प्लांट, झेडझेड आणि मनी प्लांट तग धरतात. तुळस आणि कढीपत्त्याला मात्र ऊनच लागतं. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल, तर मनी प्लांट आणि डिफेनबेकिया उंच ठेवा. ही पानं चावली तर तोंडाची आग होते आणि सूज येते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

घर भाड्याचं असेल तर?

भिंत फोडता येत नाही, फरशी बदलता येत नाही. पण बल्ब, पडदे, चटई, वेताचा मोडा, मातीचा माठ, सोलापुरी चादर आणि दोन कुंड्या हे सगळं पुढच्या घरी सोबत नेता येतं.

सुरुवात मात्र काही विकत आणण्यापासून नको. आधी खिडकीसमोरचं कपाट हलवा, एक दिवस ऊन कुठे कुठे पोहोचतं ते बघा आणि मग सुताराला फोन करा.