सरोवरानें वळलेले गोळे

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आतां मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीं. लहान शहरांतील घरांतूनही ती दिसूं लागली आहे. अशा पेटीच्या तळाशीं कधीं कधीं हिरव्या मखमलीसारखा एक वाटोळा गोळा ठेवलेला असतो. दुकानदार त्यास ‘मॉस बॉल’ म्हणतो; पण तें मॉस नव्हे. तो एका तंतुमय शेवाळाचा गोळा होय. शोभेच्या ह्या लहानशा वस्तूमागें मोठा इतिहास आहे. ज्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे, तेथील सुशिक्षितांनीं तर तो अवश्य जाणून घ्यावा.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस ह्यानें १७५३ सालीं ह्या शेवाळास नांव दिलें तें रानबकऱ्याच्या पोटांत होणाऱ्या केसांच्या गोळीवरून. पुढें १८२० नंतरच्या दशकांत आंतोन झाउटर ह्यास ऑस्ट्रियांतील झेल सरोवरांत हे गोळे आढळले. त्याच दशकांत, १८२३ सालीं, अलेक्झांडर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानें लोणारच्या विवराची नोंद केली. झेल सरोवरांतील गोळे मात्र मागाहून नाहींसे झाले.

ह्या शेवाळास मूळ नाहीं, खोड नाहीं. वाऱ्यानें सरोवरांत लाटा उठतात आणि उथळ तळावर गोळा हळूहळू लोळत राहतो. त्यामुळें त्याच्या प्रत्येक अंगास आळीपाळीनें उजेड मिळतो, सर्व बाजूंस तंतु सारखे वाढतात आणि आकार वाटोळा राहतो. वाढ इतकी मंद कीं, वर्षाकांठीं व्यास सुमारें ५ मिलिमीटरच वाढतो. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या गोळ्यासही सरोवरानें कित्येक वर्षें वळलेलें असतें.

ह्या गोळ्यांची खरी कीर्ति झाली जपानांत. होक्काइदो बेटावरील आकान सरोवरांत ते कावाकामी ताकिया ह्या साप्पोरोच्या शेतकी कॉलेजांतील विद्यार्थ्यास आढळले व १८९८ सालीं त्यानें त्यांस ‘मारिमो’ हें नांव दिलें. ‘मारि’ म्हणजे चेंडू आणि ‘मो’ म्हणजे पाणवनस्पति. १९२१ सालीं सरकारनें मारिमोस नैसर्गिक स्मारक ठरविलें. परंतु कीर्तीबरोबर संकटही आलें. आठवण म्हणून लोक गोळे घरीं नेऊं लागले, त्यांचा चोरटा व्यापार सुरू झाला. शिवाय विजेसाठीं पाणी सोडल्यानें सरोवराची पातळी उतरून कांठचे गोळे उघडे पडले. तेव्हां नेलेले गोळे परत पाठवावे असें आवाहन झालें आणि अनेकांनीं तें मानलें. १९५० सालीं तेथील ऐनू लोकांच्या पुढाकारानें मारिमोचा उत्सव सुरू झाला. १९५२ सालीं त्यांस विशेष स्मारकाचा दर्जा मिळाला. कायद्यानें जें पुरतें साधलें नव्हतें, तें लोकांच्या लाजेनें व प्रेमानें बरेंचसें साधलें.

आज पेटी सजविणारे हा गोळा तसाच ठेवतात, किंवा तो उकलून दगडावर वा जाळीवर पसरतात आणि दोऱ्यानें बांधून त्याचा हिरवा गालिचा करतात. सरोवरांत जें काम लाटा करीत, तें येथें मनुष्याला करावें लागतें: गोळा अधूनमधून फिरवावा, हलक्या हातानें पिळून धुवावा, उजेड मंद ठेवावा. ह्या थंड प्रदेशांतील जिवास खामगांव-मलकापुराकडील उन्हाळा सोसवत नाहीं. म्हणून पाणी गार राखावें.

आणखी एक सावधगिरी हवी. २०२१ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या गोळ्यांत झेब्रा शिंपला नांवाचा उपद्रवी जीव सांपडला. हे गोळे युक्रेनमधून आलेले होते. हा शिंपला एकदां नदी-तलावांत शिरला कीं नळ तुंबवितो आणि मूळच्या जिवांस हुसकावतो. म्हणून पेटींतील गोळा अगर पाणी नाल्यांत, विहिरींत वा तळ्यांत कधींही टाकूं नये.

हें लोणारच्या शेजाऱ्यांस विशेष लागू आहे. तेथील पाणी खारें व अतिशय क्षारयुक्त असून त्याचा हिरवा रंगही सूक्ष्म शेवाळाचाच असतो. जून २०२० मध्यें तें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळें क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले व त्यांचा हा रंग होय, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत दिसून आलें. पाण्यांत एवढा पालट होतांच सरोवराचें सारें रूप पालटलें. त्याच वर्षीं लोणारची गणना रामसर पाणथळ स्थळांत झाली.

आकानचा गोळा काय किंवा लोणारचा रंग काय, दोन्ही त्या त्या पाण्याचीं लेणीं आहेत. पाणी जसेंच्या तसें राहिलें तरच तीं राहतील. हौस करणाऱ्यानें गोळा घेतांना तो कोणत्या पाण्यांतून आला हें दुकानदारास विचारावें. आणि लोणारला जाणाऱ्यानें तेथें कांहीं टाकूं नये व तेथून कांहीं उचलूं नये.