गोमंतकांतील करेज्म : एका व्रताचा इतिहास

उपवास हा शब्द सांप्रत केवळ अन्नत्यागाचा वाचक झाला आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ तसा नाहीं. ‘उप’ म्हणजे जवळ व ‘वस्’ म्हणजे राहणें. शतपथ ब्राह्मणाच्या आरंभींच या शब्दाची उपपत्ति दिलेली आहे. यजमान व्रत घेतो त्या रात्रीं देव त्याच्या घरीं वस्तीस येतात, आणि पाहुणे जेवले नसतां यजमानानें आधीं जेवणें शोभत नाहीं, असा तिचा आशय आहे. म्हणजे अन्नत्याग हें उपवासाचें फळ होय. देवाच्या सन्निध राहणें हें त्याचें मूळ होय. हा भेद ध्यानांत ठेवला असतां पुढील विवेचन समजण्यास सुलभ जाईल.

गोमंतकांतील कॅथॉलिक ख्रिस्ती लोक ईस्टरच्या पूर्वींचे चाळीस दिवस व्रतस्थ राहून पाळतात. या काळास तेथें ‘करेज्म’ म्हणतात. पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ व त्याच्याहि पलीकडे लॅटिन ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणजे ‘चाळिसावा’, हें त्याचें मूळ. आपल्याकडे ‘चातुर्मास’ हा शब्द जसा संख्येवरून आला, तसाच हाहि आला. हें व्रत या भूमींत कसें रुजलें, आणि तें पाळणाऱ्या सामान्य माणसास राज्यसत्तेनें कोणत्या कसोटीस लावलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम व्रताचें स्वरूप पाहूं. इ. स. ३२५ च्या नायसीया येथील धर्मपरिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. येशूनें अरण्यांत केलेला चाळीस दिवसांचा उपवास हा त्याचा आदर्श. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या पूर्वदिवसापर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळें त्या दिवशीं उपवास नसतो, व सहा रविवार वजा जातां ४० उरतात. एकभुक्त राहणें व मांस वर्ज्य करणें हा पाश्चात्य संप्रदायाचा जुना नियम; मासे वर्ज्य नसत. त्याच्या जोडीस प्रार्थना व दानधर्म हीं दोन अंगें असून तिन्ही मिळून व्रत पुरें होतें. शिवाय १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनें प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी पापांगीकार करावा व ईस्टरच्या सुमारास प्रसाद घ्यावा असा दंडक घातल्यामुळें, खेडोपाडीं करेज्म हाच पापांगीकाराचा हंगाम ठरला.

तिसवाडी १५१० मध्यें व साष्टी-बारदेश १५४३ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं गेले. १५६० मध्यें गोव्यास इन्क्विझिशन स्थापन झालें, व १५६७ मध्यें पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. ज्यांचे आईबाप एकादशी करीत होते, त्यांची मुलें करेज्म करूं लागलीं. हा पालट घडत असतां भाषेचें काय झालें, हें पाहणें बोधप्रद आहे. काळाचें नांव परकी आलें. पापांगीकारासहि ‘कन्फेसार’ या पोर्तुगीज शब्दावरून ‘कुमसार’ हें नांव पडलें. परंतु जें कृत्य करावयाचें, तें मात्र ‘उपास’च राहिलें, आणि पापक्षालनार्थ जें करावयाचें तें ‘प्राचित’, म्हणजे आपलें प्रायश्चित्त. विधीचें नांव पाद्री देऊं शकला. पोट रिकामें ठेवण्याच्या अनुभवाचें नांव लोकांपाशीं पूर्वींच होतें व तें त्यांनीं सोडलें नाहीं.

धर्मोपदेशकांपैकीं जे सुज्ञ होते त्यांनीं ही गोष्ट ओळखली होती. १५७९ मध्यें गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यानें आपलें पुराण मराठी ओवीबद्ध रचिलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्यें रोमन लिपींत छापला गेला. मराठी भाषेंत ब्राह्मणी बोलीचे सोपे शब्द मिसळून आपण तो लिहिला, असें ग्रंथकारानेंच सांगितलें आहे. साष्टींतील देवळांतून तो लोकांना वाचून दाखवीत. येशूचा अरण्यांतील उपवास आणि त्याचें दुःखभोग हे प्रसंग श्रोत्यांनीं ऐकले, ते आपल्या आजोबांच्या पुराणश्रवणाच्याच छंदांत.

आतां दुसरी बाजू पाहूं. १५९९ च्या जून महिन्यांत गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनीं मलबारांत उदयंपेरूर येथें धर्मसभा भरविली. तेथील सेंट थॉमसचे ख्रिस्ती पाश्चात्यांहून कडक उपवास करीत. मासे, अंडीं व दूधहि वर्ज्य करीत. या कडकपणास सभेनें दोष दिला नाहीं. तिनें दोष दिला तो एका समजुतीस. पहाटे स्नान केल्यावांचून उपवास घडत नाहीं, व हीन मानिलेल्या जातीच्या मनुष्याचा स्पर्श झाल्यास तो मोडतो, ही ती समजूत होय. येथें सभेची भूमिका तर्कशुद्ध होती, असें म्हणणें प्राप्त आहे. उपवास हा ईश्वराशीं व्यवहार असेल, तर शेजाऱ्याच्या स्पर्शानें तो मोडूं नये.

परंतु हाच तर्क इन्क्विझिशनच्या हातीं गेला तेव्हां त्याचें रूप पालटलें. १७३६ च्या एप्रिल महिन्यांतील प्रसिद्ध जाहीरनाम्यांत गोमंतकीय ख्रिस्त्यांस निषिद्ध केलेल्या चालींची लांबलचक यादी आहे. तुळस लावूं नये. भात शिजवितांना मीठ न घालतां मागाहून चवीपुरतें घेण्याची हिंदूंची रीत पाळूं नये. एकादशीस उपवास करूं नये. या शेवटच्या कलमास मात्र एक पुस्ती जोडलेली आहे, ती अशी कीं, ख्रिस्ती रीतीनें केलेला उपवास असल्यास त्यास हरकत नाहीं.

या यादीचा उपयोग इतिहाससंशोधकानें दोन प्रकारें करावा. निषेध हा प्राप्तीच्या पोटीं जन्मतो, हा मीमांसकांचा सामान्य न्याय आहे. जें घडण्याचा संभवच नाहीं तें कोणी वर्जीत नाहीं. तेव्हां धर्मांतरानंतर पावणेदोनशें वर्षांनींहि ख्रिस्ती घरांतून एकादशी पाळली जात होती, निदान ती पाळली जाते असा अधिकाऱ्यांस दाट संशय होता, एवढें या कलमावरून सिद्ध होतें. ती सर्व घरांतून पाळली जात होती असें मात्र सिद्ध होत नाहीं. यादी ही चालींची साक्ष आहे, शिरगणती नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. एकादशीच्याच दिवशीं उपाशी राहिलेल्या दोन बायका घ्या. एकीचा उपवास ख्रिस्ती रीतीचा, म्हणून निर्दोष; दुसरीचा निषिद्ध. रिकामें पोट दोघींचें सारखेंच. भेद आहे तो संकल्पांत. आपल्या धर्मशास्त्रांतहि संकल्पावांचून व्रत नाहीं, हें सर्वविदित आहे. परंतु संकल्प मनांत असतो व मन न्यायासनासमोर उभें करतां येत नाहीं. म्हणून न्यायासन चिन्हें शोधूं लागलें. मग भातांतील मीठ, अंगणांतील तुळस, कमरेचें धोतर हीं श्रद्धेचीं प्रमाणें ठरलीं. स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या स्त्रीस मीठ केव्हां घालावें याचेंहि भय वाटावें, अशी ही स्थिति होती. ज्या धर्माच्या संस्थापकानें उपवास करणाऱ्यास तोंड धुऊन, डोक्यास तेल लावून, लोकांस न कळेल अशा रीतीनें उपवास करण्यास सांगितलें, त्याच्याच नांवानें हें लोकांस दिसणें सक्तीचें झालें. इन्क्विझिशन १७७४ मध्यें बंद पडलें, १७७८ मध्यें पुन्हा सुरू झालें, व १८१२ मध्यें कायमचें गेलें.

भयानें जें साधलें नाहीं तें लोकांच्या स्वतःच्या भक्तीनें साधलें. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर अवलंबून असतो. ती पौर्णिमा फाल्गुनी तरी असते किंवा चैत्री तरी. त्यामुळें शिमगा बहुधा नेहमींच करेज्मांत येतो. हिंदु वाड्यावर ढोल वाजत असतां ख्रिस्ती वाड्यावर मौन असतें. त्यांनीं आपला ‘इंत्रुज’ राखेच्या बुधवारापूर्वींच आटोपलेला असतो. करेज्माच्या रविवारीं क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघते व गांवचे गवई लॅटिन ‘मोतेत’ गातात. पवित्र गुरुवारीं घंटा मुक्या होतात व त्यांचें काम ‘मात्राक’ नांवाचें लांकडी वाद्य करतें. गोवें-वेल्ह येथें पांचव्या रविवारानंतरच्या सोमवारीं संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. ती फ्रान्सिस्कन संप्रदायानें घातलेली परंपरा आहे. १८३४-३५ मध्यें पोर्तुगीज सरकारनें सर्व मठ मोडले. मिरवणूक मात्र आजहि निघते. तसेंच भाषेचें. १६८४ मध्यें व्हाइसरॉयानें तीन वर्षांत देशभाषा सोडण्याचा हुकूम काढला होता. त्यानंतरच्या शतकांत जोआकिम द मिरांद या गोमंतकीय जेझुइटानें येशूच्या दुःखभोगावर कोंकणी गीत रचिलें, व तें करेज्माचें गीत म्हणून लोकांच्या कंठीं बसलें.

येथें एक उणेंहि नमूद करणें प्राप्त आहे. मिरवणुकीची व्यवस्था पाहणारीं ‘कोंफ्रारिया’ नांवाचीं बंधुमंडळें साष्टींत अनेक ठिकाणीं जातवार होतीं. ब्राह्मणांचें निराळें, चाड्डींचें निराळें, शूद्रांचें निराळें. तुळशीवर करडी नजर ठेवणाऱ्या सत्तेस हा भेद सहन झाला. उदयंपेरूरच्या सभेनें उपवासांतून स्पर्शास्पर्श काढला खरा. पण गोमंतकांत तो मिरवणुकींत मानाच्या जागेवर चालत राहिला.

१९६६ मध्यें पोप सहावे पॉल यांनीं उपवासाचे नियम पुष्कळ सैल केले. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें उपवास बंधनकारक असे दिवस दोनच उरले आहेत, राखेचा बुधवार व येशूच्या मरणाचा शुक्रवार. बाकीचें ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलें आहे. वसईकडील मराठी ख्रिस्ती या काळास ‘उपवासकाळ’ म्हणतात. त्यांच्या वापरांत शतपथांतील तो जुना शब्द अनायासें आपल्या मूळ अर्थाजवळ आला आहे.

सारांश, करेज्माचा इतिहास हा केवळ धर्मांतराचा इतिहास नव्हे. तीन शतकें सत्तेनें ज्याचें बाह्य चिन्ह तपासलें, तें व्रत टिकलें तें घरांतल्या माणसांनीं आपल्या शब्दांत, आपल्या स्वरांत व आपल्या ऋतूंत तें सामावून घेतलें म्हणून. जाहीरनामे छापले गेले व सर्वांस उपलब्ध आहेत. घरांतील साक्ष मात्र बंधुमंडळांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, गांवकरीच्या दप्तरांत व म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या गीतांत आहे. यांपैकीं पहिल्या दोहोंस वाळवीचें भय आहे व तिसरीस काळाचें. ज्या वाचकांचा गोमंतकांत किंवा वसई प्रांतांत संबंध असेल, त्यांनीं या साधनांच्या नकला वेळींच करून ठेवाव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.