दारातला धंदा आणि साखळीचा धंदा

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांमध्ये महिन्याच्या मीटिंगांना फिरतो. हल्ली दर दोन-तीन मीटिंगांमागे एकदा तरी एक प्रश्न निघतोच. "ताई, एक स्कीम आलीय. घरबसल्या जोडधंदा आहे. आपण फक्त दोघी-तिघींना जोडायचं, मग पैसा आपोआप येतो. गटानं करायचं का?"

याला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. नको म्हटलं तर बायकांना वाटतं, ताईंना आमची प्रगती नको. हो म्हटलं तर काय होतं, ते आम्ही एकदा भोगलंय. म्हणून आज या धंद्याचा इतिहासच सांगायचं ठरवलं. तो कुठून आला, आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा पोचला, आणि त्यात पैसा नेमका कुणाच्या खिशातून निघतो, हे कळलं की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

दारात येऊन विकणं आपल्याला नवं नाही. सातारा आणि सांगली पूर्वी एकच जिल्हा होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. या सगळ्या पट्ट्यात, कृष्णाकाठापासून माण, खटाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी गावांपर्यंत, आपल्या आज्यांचा बाजार अर्धा दारातच व्हायचा. कासार बांगड्या घेऊन यायचा. बोहारीण जुन्या लुगड्यांवर भांडी द्यायची. डोक्यावर पाटी घेऊन भाजीवाली यायची. घासाघीस व्हायची, कधी पैसे तर कधी पायलीभर ज्वारी दिली जायची आणि व्यवहार तिथंच संपायचा. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. बोहारणीनं कधी कुणाला म्हटलं नाही की, "बाई, तूही बोहारीण हो, म्हणजे तुझ्या विक्रीतला वाटा मला मिळेल." तिचं पोट भांड्यावर होतं, आपल्याला तिच्यासारखी करण्यावर नव्हतं.

मोठ्या कंपन्यांचा दारातला धंदाही सुरुवातीला असाच होता. 1886 साली अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा माणूस दारोदार पुस्तकं विकायचा. गिऱ्हाइकांना खूश करायला तो अत्तराची बारकी बाटली फुकट द्यायचा. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच आवडतंय हे त्यानं हेरलं आणि अत्तराचा धंदा काढला. विकायला त्यानं बायकाच नेमल्या. पुढं हीच कंपनी एव्हॉन नावानं जगभर गेली. ज्या काळात घरच्या बाईला बाहेर काम मिळणं मुश्कील होतं, त्या काळात शेजारपाजारी विकून तिच्या हातात स्वतःचे चार पैसे आले. हे चांगलंच झालं, ते नाकारायचं कारण नाही.

वळण आलं 1945 च्या सुमाराला. अमेरिकेतच न्यूट्रिलाइट नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्यांनी नवी पद्धत काढली. तुम्ही माल विकला तर कमिशन मिळणारच. पण तुम्ही दुसऱ्या विक्रेत्याला जोडलंत, तर त्याच्या विक्रीवरही तुम्हाला वाटा. याच गोळ्या विकणाऱ्या दोघांनी 1959 साली ॲमवे ही कंपनी सुरू केली. आज आपण ज्याला चेन म्हणतो, तिचं मूळ इथं आहे.

आता गंमत बघा. त्याच 1959 सालच्या 15 मार्चला आपल्या मुंबईत, गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. 80 रुपये उसने घेतलेले होते. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. एकाच सालचे हे दोन धंदे, आणि दोन्ही घरातल्या बाईच्या हातावर वाढले. फरक कुठं होता? लिज्जतची बहीण पीठ घरी नेते, पापड लाटून आणून देते आणि लाटण्याची मजुरी घेते. संस्थेला नफा झाला तर त्यातही तिचा वाटा असतो. तिला पापड विकत घ्यावे लागत नाहीत. साखळीच्या धंद्यात मात्र बऱ्याचदा बाई आधी स्वतः माल विकत घेते आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरते. म्हणजे कंपनीची पहिली गिऱ्हाईक तीच असते. हा फरक नीट धरून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आपल्याकडे सरकारनंही बाईच्या दारोदार फिरण्याचा चांगला उपयोग केलाय. 1972 साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली. त्यात बाई पोस्टाची एजंट होऊन घरोघरी आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करते आणि त्यावर चार टक्के कमिशन मिळवते. यातही कमिशन आहे, फिरणं आहे, ओळखीचा उपयोग आहे. पण कमिशन मिळतं ते जमा केलेल्या पैशावर. नवी एजंट जोडण्यावर ते अवलंबून नाही.

दुसरीकडे, झटपट पैशाच्या योजनांनी त्या वर्षांत देशभर लोकांना बुडवलं. म्हणून 1978 साली केंद्र सरकारनं बक्षिसाच्या चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. सभासद नोंदवत जा आणि त्या नोंदणीवर सहज पैसा मिळवा, असं सांगणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे कायदा आज-कालचा नाही. आमच्यातल्या पुष्कळ जणी जन्मायच्या आधीपासून तो आहे.

मग 1990 नंतरचा काळ आला. एकाच दहा वर्षांत आपल्याकडे दोन गोष्टी वाढल्या. 1992 साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचं काम सुरू केलं, सुरुवातीला फक्त 500 गट होते. 1997 साली साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका म्हणाल्या, अक्षर येत नसलं तरी आम्हाला हिशोब येतो, आमच्याकडून तोंडी व्याज काढून बघा. आणि परवाना मिळाला. त्याच वर्षांत, 1995 ते 1998 दरम्यान, ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर, ॲमवे अशा कंपन्यांनी भारतात काम सुरू केलं. पुढं त्यांचं बघून कितीतरी लहानमोठ्या कंपन्या निघाल्या. काही नीट चालल्या, काही दोन वर्षांत कुलूप लावून गेल्या.

साखळीच्या धंद्याला काय लागतं? एकमेकींना ओळखणाऱ्या बायका, दर महिन्याला एकत्र बसायची सवय, हातात थोडी बचत आणि एकमेकींच्या शब्दावर विश्वास. गावात हे सगळं कुणी तयार केलं? आपण केलं. पावसापाण्यात मीटिंगा घेऊन, पन्नास-शंभर रुपये गोळा करून, सासूची बोलणी खाऊन केलं. स्कीमवाला येतो तेव्हा त्याला हे सगळं आयतं मिळतं. तो पावडर विकतोय असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आपला विश्वास विकत असतो, आणि त्याचे पैसेही आपल्याकडूनच घेतो.

आता आमचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटात असंच झालं. स्कीम आणणारी बाहेरची नव्हती, गटाची सचिवच होती. हुशार, वह्या चोख ठेवणारी. तालुक्याच्या गावी कार्यालयात सेमिनार झाला. आम्हा समन्वयकांनाही बोलावलं होतं. आम्ही पुढच्या रांगेत बसलो, टाळ्या वाजवल्या, सत्काराचा नारळ घेतला. आम्ही तिथं दिसलो म्हणून बायकांना वाटलं, ताईंनी तपासलंय. बारा जणींच्या गटातल्या आठ जणींनी पाच-पाच हजारांचं अंतर्गत कर्ज काढून किट घेतलं. गटाची सहा वर्षांची बचत लाखाच्या आसपास होती, त्यातले 40 हजार एका महिन्यात गेले.

किटात ताकदीची पावडर आणि सांधेदुखीचं तेल होतं. बाराशेचा डबा, विकला की हाती दोनशे राहणार. महिन्याला दोन हजार कमवायचे तर दहा डबे खपायला हवेत. आपल्या गावात दर महिन्याला बाराशेची पावडर घेणारी दहा घरं आहेत का, हा हिशोब तेव्हा कुणीच मांडला नाही. तोंडी व्याज काढणाऱ्या बायकांच्या मुलुखातल्या आम्ही, पण आम्हीही नाही मांडला. पहिले डबे बहिणीनं, नणंदेनं भिडेखातर घेतले. नंतर कुणी घेईना. मग "माल राहू दे, माणसं जोडा" असं वरून सांगणं सुरू झालं. हप्ते थकले. दोघी मीटिंगला यायच्या बंद झाल्या. सचिवबाईनं शेळ्या विकून पैसे भरले, कारण तिनं शब्द टाकला होता. गट सावरायला दीड वर्ष गेलं. पैसे बहुतेक परत आले, पण त्या दोघी आल्या नाहीत. आजही रस्त्यात भेटल्या की मान वळवतात. त्या नारळाची आम्हाला अजून लाज वाटते.

नंतर आम्ही वहीवर आकडे मांडले. एकीनं सहा जोडायच्या, त्या प्रत्येकीनं सहा. 6, 36, 216, 1,296 असं करत आठव्या ओळीला 16 लाख 79 हजार 616 बायका लागतात आणि नवव्या ओळीला एक कोटीच्या वर. 2011 च्या जनगणनेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे मिळून, बाप्ये-पोरं सगळी धरून, लोकसंख्या 58 लाखांच्या आसपास होती. म्हणजे नववी ओळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मावतच नाही. आणि साखळी कुठंही थांबली तरी सहातल्या पाच जणी सगळ्यात खालच्या ओळीत असतात, ज्यांच्या खाली कुणीच नाही. वरच्या एकीच्या गाडीचा फोटो सेमिनारमध्ये दाखवतात. या पाच जणींचा फोटो कुणी दाखवत नाही.

पावडरच असते असं नाही. 2019 साली आपल्या इस्लामपुरातलं कडकनाथ कोंबडीचं प्रकरण आठवा. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची खरी, चांगली जात. पण तिची पिल्लं देऊन, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या दरानं घेऊ, असं सांगून लोकांकडून पैसे घेतले गेले. पुढं खरेदी थांबली, कोंबड्या दारात आणि खाद्याचा खर्च अंगावर आला. गुन्हे दाखल झाले. जिथं माल बाजारात कुणाला हवाय यापेक्षा नवा माणूस किती पैसे भरतोय यावर धंदा चालतो, तिथं शेवट असाच होतो.

मग थेट विक्री वाईटच का? नाही. 1979 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ॲमवेच्या खटल्यात निकाल दिला. कमाईचे फुगवलेले आकडे सांगणं चूक ठरवलं, पण कंपनी बेकायदा साखळी नाही असं म्हटलं. कारण तिचे नियम असे होते: घेतलेल्यातला 70 टक्के माल खपल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, महिन्याला दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकायचं आणि न खपलेला माल परत घ्यायचा. आपल्याकडेही 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. साखळी योजनेला त्यात मनाई आहे. विकायला येणाऱ्यानं ओळखपत्र दाखवायचं, आधी विचारून यायचं, माल परत करण्याची अट सांगायची. कंपनीचं भारतात कार्यालय हवं आणि तक्रार ऐकणारा अधिकारी हवा. फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

एवढं सगळं लक्षात राहत नसेल तर मीटिंगमध्ये तीनच प्रश्न विचारा. उद्यापासून एकही नवी बाई जोडली नाही, तरी मला पैसे मिळतील का? हाच माल दुकानात याच भावाला असता, तर मी घेतला असता का? न खपलेला माल परत घेणार असं कागदावर लिहून देता का? तिन्हीला हो असेल तर तो दारातला धंदा आहे, खुशाल करा. एकालाही नाही असेल तर ती साखळी समजा.

आणि विकायचंच असेल तर आपल्याकडे काय कमी आहे? सांगलीची हळद, माणदेशातली घोंगडी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड. गटाचा स्टॉल लावला की मुंबई-पुण्याची माणसं मागून नेतात. त्यात कष्ट आहेत, गाडी लगेच येत नाही, पण विकलेल्या पाकिटाचा पैसा आपला असतो आणि कुणाच्या नणंदेचा रुसवा वाट्याला येत नाही.

आमच्या त्या गटानं नंतर प्रोसिडिंग बुकात एक ठराव लिहिला. माणसं जोडायच्या कुठल्याही योजनेसाठी गटातून कर्ज द्यायचं नाही, आणि समन्वयकांनी अशा कार्यक्रमाला जायचं नाही. त्याखाली बायकांनी सह्या केल्या, आणि आम्हीही केल्या. येत्या मीटिंगला तुमच्या गटातही हा विषय काढा. आणि एखादी मैत्रीण आधीच अडकली असेल, तर तिला बोल लावू नका. तिला मीटिंगला बोलवा.