दगड करवतीला खातो

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत एक छंद चांगलाच फोफावला. सुट्टीच्या दिवशी वाळवंटात, नदीच्या पात्रात हिंडायचं, अकीक आणि जास्पर असले दगड पोत्यात भरून आणायचे आणि घरी कापून बघायचं की आत काय दडलंय. या लोकांना तिकडे 'रॉकहाउंड' म्हणतात. १९४७ साली त्यांच्यासाठी 'लॅपिडरी जर्नल' नावाचं मासिकही सुरू झालं. दगड कापायचं यंत्र गॅरेजमध्ये ठेवलेलं असे. पत्र्याची पेटी, तळाशी तेल, त्यात कड बुडवून फिरणारी पोलादी चकती आणि दगड घट्ट धरून त्या चकतीकडे सावकाश सरकणारी व्हाइस. एवढाच संसार.

ती यंत्रं आता नातवंडांच्या हाती येतात, किंवा भंगाराच्या भावात विकली जातात. बनवणाऱ्या कित्येक कंपन्या बंद पडल्या, त्यांची ड्रॉइंग गेली. विकत घेणारा झाकण उघडतो तेव्हा आधी दिसतो तो चिखल. तेल आणि दगडाची पूड यांचा, वर्षानुवर्षं थिजून सिमेंट झालेला. तो खरवडून काढला की खरं दुखणं कळतं.

बेअरिंगची फारशी चिंता नसते. त्यावर नंबर कोरलेला असतो आणि बऱ्याचदा त्या नंबरचं बेअरिंग आजही दुकानात मिळतं. मोटर बदलता येते, बेल्ट बदलता येतो. अडतं ते त्या एका कंपनीनं त्या एका यंत्रासाठी बनवलेल्या भागापाशी. उदाहरणार्थ, अर्धा नट.

व्हाइस पुढे सरकवायला लांब आट्यांचा दांडा असतो, लीड स्क्रू. त्यावर पूर्ण नट मधोमध चिरून केलेला अर्धा नट टेकतो. खटका दाबला की तो आट्यांत बसतो आणि व्हाइस चालू लागते; उचलला की ती सुटते. हा नट हमखास झिजलेला सापडतो. व्हाइस मग मध्येच अडखळते, दगड चकतीवर आदळतो, चकती वाकते.

नवा नट करायचा तर माप कुठून घ्यायचं? झिजलेल्या नटात आटेच उरलेले नसतात. दांड्याच्या मधल्या भागावर घेतलं तर फसाल, कारण सगळी ये-जा तिथेच झालेली. माप घ्यायचं दांड्याच्या टोकाला, जिथे व्हाइस सहसा पोचतच नाही. तिथले आटे जवळपास कोरे असतात. इंचाला किती आटे ते मोजायचं, आट्यांचा आकार बघायचा (साध्या बोल्टसारखे टोकदार नसतात, माथ्याला सपाट असतात), आणि मग लेथवर गनमेटलचा तुकडा खरादून, आटे पाडून, मधोमध कापायचा. एका नटाचे दोन अर्धे होतात. एक लावायचा, दुसरा पुढच्या वेळेसाठी ठेवायचा.

गनमेटलच का? नट दांड्यापेक्षा मऊ हवा. झिजायचंच असेल तर स्वस्त भागानं झिजावं. पण यात एक मेख आहे. अकीक म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोहस मापावर ७. साधं पोलाद त्याच्या बरंच खाली. दगडाची पूड मऊ नटात रुतून बसते आणि मग तो नटच दांड्याला कानशीसारखा घासू लागतो. मऊ धातू कठीण धातूला खातो. म्हणून दांड्यावर पत्र्याचं नाहीतर रबराचं झाकण लागतं, आणि जुन्या यंत्रांत तेच आधी हरवलेलं असतं.

इथे थोडं थांबू. मऊ धातूनं कठीण कण धरायचे आणि त्यांनी समोरचं घासायचं, या बिघाडाच्या जोरावरच तर दगड कापायची करवत हजारो वर्षं चालली.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं 'नॅचरल हिस्टरी'च्या ३६व्या खंडात हे स्वच्छ सांगितलंय. संगमरवर लोखंड कापतंय असं दिसतं, पण कापते वाळू. करवत फक्त वाळू दाबून पुढेमागे करते. म्हणूनच त्या पात्याला लाकडाच्या करवतीसारख्या दातांची गरज नव्हती. वाळू कुठली हेही तो सांगतो: सर्वांत चांगली इथिओपियाची, तिच्या खालोखाल भारताची. ज्या देशातून मोती आणणंही जुन्या रोमन शिस्तीला शोभत नव्हतं, तिथून आता दगड कापायला वाळू आणतात, असा त्याचा त्रागा. पुढची तक्रार कारागिरांवर: लबाड लोक नदीची जाडीभरडी वाळू वापरतात, खाच रुंद पडते, संगमरवर वाया जातो आणि घासकाम वाढतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा 'लोकल माल लावला' वाला वाद वाचताना मला तरी तो ओळखीचा वाटला.

आता या यंत्राचा इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत बघा. पातं झिजून जातं. वाळू वाहून जाते. लाकडी चौकट कुजते, उरलेलं लोखंड कुणीतरी वितळवतं. चौथ्या शतकात औसोनियस या कवीनं मोझेल नदीवरच्या कवितेत पाण्यावर चालणाऱ्या, कर्कश आवाज करत संगमरवर कापणाऱ्या करवतींचा उल्लेख केलाय. पण काही अभ्यासकांना तो पटेना. चाकाची गोल गती करवतीच्या पुढेमागे गतीत बदलायची तर क्रँक आणि कनेक्टिंग रॉड लागणार. आज प्रत्येक बाइकच्या इंजिनात असलेली ही जोडी मध्ययुगातली मानली जाई. रोमनांकडे ती कुठून असणार?

उत्तर मिळालं एका शवपेटीवर. तुर्कस्तानात पामुक्कालेजवळ हिएरापोलिस नावाचं प्राचीन शहर आहे. तिथे तिसऱ्या शतकातल्या अम्मियानोस नावाच्या माणसाच्या दगडी शवपेटीच्या झाकणावर एक यंत्र कोरलंय: पाणचक्कीचं चाक, दाते असलेली चाकं, आणि कनेक्टिंग रॉडनी ओढल्या जाणाऱ्या दोन करवती, प्रत्येकीखाली एक दगड. ग्रीक लेखात त्याचं कसब डिडॅलसच्या तोडीचं म्हटलंय. रित्ती, ग्रेवे आणि केसनर या तिघांनी २००७ साली त्याचा अर्थ लावून दाखवला आणि क्रँकचा इतिहास काही शतकं मागे सरकला.

जॉर्डनमधल्या जेराशला सहाव्या शतकातली अशीच पाणकरवत होती. तिथे चित्रही नाही. मिळाले ते जुन्या खांबांचे अर्धवट कापलेले दगडी गोल तुकडे, त्यांत समांतर खाचा. खाचा समांतर, म्हणजे एका चौकटीत अनेक पाती. दोन खाचांमधलं अंतर म्हणजे दोन पात्यांमधलं अंतर. जाक सेञ या फ्रेंच संशोधकानं अशा खुणांवरून आख्खं यंत्र जुळवलं आणि त्याची प्रतिकृती तिथे उभी राहिली. लीड स्क्रूच्या कोऱ्या टोकावरून नट करणारा गॅरेजमधला माणूस आणि हा संशोधक, दोघांचं काम मला एकाच जातीचं वाटतं.

संगमरवर मऊ असतो, मोहस मापावर ३च्या आसपास. त्याला वाळू पुरते. अकीकापुढे ती चालत नाही, कारण वाळू आणि अकीक दोन्ही क्वार्ट्झच. त्याला हवा कुरुंद, कठीणपणा ९. गुजरातेत खंभातचे कारागीर बिनदातांच्या लोखंडी पात्यानं आणि कुरुंदाच्या जातीच्या पुडीनं अकीक कापत. तो अकीक येई रतनपूरच्या खाणींतून, आणि त्याचा जन्म दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत झालेला. म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद. युरोपीय भाषांनी 'कोरंडम' हा शब्द भारतीय भाषांतूनच उचलला. १८९१ साली एडवर्ड अॅचिसन या अमेरिकनाला कृत्रिम हिरा करताना भलतेच कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण आहे असं समजून त्यानं नाव ठेवलं 'कार्बोरंडम'. निघालं सिलिकॉन कार्बाइड. नाव मात्र राहिलं.

हीच पूड मातीच्या चिखलात कालवून सुरुवातीचे अमेरिकन छंदी लोक पत्र्याच्या चकतीनं दगड कापत. घरभर चिखल उडे. मग हिरा आला. चकतीच्या कडेला बारीक खाचा पाडायच्या, तेलात कालवलेली हिऱ्याची पूड त्यात भरायची आणि हातोडीनं खाचा मिटवायच्या. अशा चकत्या लोक घरीही करत. पुढे धातूच्या भुकटीत हिरे मिसळून, तापवून-दाबून केलेली कड आली, आणि १९५४ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाल्यावर पुडीसाठी खाणीवर अवलंबून राहणं हळूहळू संपलं.

तत्त्व मात्र प्लिनीच्या वेळचंच. धातू धरतो, कण कापतात. हिरे बोथट झाले आणि भोवतीचा धातू झिजलाच नाही, तर चकती नुसती घासत राहते. तेव्हा तिच्यातून मऊ वीट कापायची. विटेतली कच धातू खरवडते आणि आतले नवे हिरे उघडे पडतात. आपल्याकडे जात्याला टाकी लावत, त्यातलाच हा प्रकार.

दुरुस्त केलेल्या यंत्राची पहिली परीक्षा म्हणून कुणी चांगला दगड लावत नाही. आधी शाफ्टला डायल गेज लावून तो डगमगतोय का ते बघायचं. व्हाइसची चाल चकतीला समांतर आहे ना ते तपासायचं. केसभर तिरकी असली तरी चकती बशीसारखी वाकते. मग वीट. मग एखादा फुटकळ दगड. खटका दाबायचा, झाकण लावायचं आणि आवाज ऐकत बसायचं. शेवटी काप सुटून तेलात पडतो, नट उचलला जातो, मोटर थांबते. झाकण उघडून बघितलं तर नव्या, पिवळ्या नटावर करड्या पुडीचा पातळ थर चढलेला असतो.